सिरियल डिव्हाइस सर्व्हरच्या नोंदी : आभासी कॉम पोर्ट की थेट सॉकेट?

मूळ मांडणी

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरील दर्शकयंत्र आरएस-२३२ या सिरियल (एकामागून एक बिट नेणाऱ्या) तारेवरून अखंड आकडे पाठवत असते. ही तार साधारण १५ मीटरपुढे भरवशाची राहत नाही, म्हणून काट्याच्या खोलीत सिरियल डिव्हाइस सर्व्हर, म्हणजे सिरियल तार नेटवर्कला जोडणारे उपकरण, बसवून तो प्रवाह लॅनवरून कार्यालयात आणला जातो. तेथे उत्पादकाचा ड्रायव्हर टाकून आभासी कॉम पोर्ट, म्हणजे प्रोग्रामला खऱ्या सिरियल पोर्टसारखा भासणारा पोर्ट, उघडण्याची प्रथा आहे. नोंदी ठेवण्यासाठी मला ती अयोग्य वाटते. नेटवर्क तुटले तरी आभासी पोर्ट बहुधा उघडाच दिसतो आणि नोंद करणाऱ्या प्रोग्रामला ती नुसती शांतता वाटते. डिव्हाइस सर्व्हर टीसीपी सर्व्हर मोडमध्ये (नेटवर्क जोडणी स्वीकारणाऱ्या स्थितीत) ठेवावा, सॉकेटमधून (प्रोग्रामने स्वतः उघडलेल्या जोडणीतून) आलेले बाइट जसेच्या तसे, वेळेसह फाइलमध्ये लिहावेत आणि त्यांतून वजन काढण्याचे काम नंतर करावे. काटामारीची तक्रार आली, तर शेतकऱ्यासमोर ठेवण्याजोगी नोंद हीच आहे.

प्रतिसाद १

असहमत. काट्याचे सॉफ्टवेअर कॉम पोर्टच मागते आणि ऐन गळीत हंगामात ते बदलायला कोणी धजणार नाही. शिवाय कच्च्या टीसीपी जोडणीतून केवळ बाइट येतात. बॉड रेट (वेग), पॅरिटी (चूक ओळखण्याचा बिट), आरटीएस-डीटीआर (नियंत्रणाचे संकेत) यांची देवाणघेवाण होत नाही. त्यासाठी उत्पादकाचा ड्रायव्हर किंवा १९९७ सालचा आरएफसी २२१७ (नेटवर्कवरून सिरियल पोर्ट हाताळण्याचा प्रोटोकॉल) लागतो. शांततेचा आक्षेप तर सॉकेटलाही लागू आहे. मधल्या स्विचची वीज गेली, तर केवळ वाचत बसलेल्या प्रोग्रामला काहीच कळत नाही. लिनक्सवर कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का, याची तपासणी) मुद्दाम चालू करावे लागते आणि मूळ मूल्य तसेच ठेवले, तर पहिली तपासणी ७२०० सेकंदांनी होते.

मूळ लेखकाचे उत्तर

कीपअलाइव्हचा मुद्दा रास्त आहे, पण सॉकेटमध्ये ती मुदत मला कमी करता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दर्शकयंत्र सतत बोलणारे असल्यामुळे काही सेकंद एकही बाइट आला नाही, तर प्रोग्रामने 'प्रवाह थांबला' अशी ओळ त्याच फाइलमध्ये लिहावी आणि जोडणी नव्याने करावी. वजनाच्या नोंदीत खंड पडणे क्षम्य आहे. तो खंड न दिसणे मुळीच नाही. जुने सॉफ्टवेअर कॉम पोर्टवरच राहू द्यावे. उपकरण एकाहून अधिक जोडण्या स्वीकारत असेल, तर नोंदीसाठी केवळ ऐकणारी दुसरी जोडणी ठेवता येईल.

प्रतिसाद २

टीसीपी हा सलग प्रवाह आहे, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले दिसत नाही. एका वाचनात अर्धी ओळ येईल किंवा तीन ओळी एकदम येतील, त्यामुळे ओळ पूर्ण होईपर्यंत बाइट साठवणे प्रोग्रामला भागच आहे. वेळही प्रोग्रामने वाचल्याची नोंदली जाते, यंत्राने पाठवल्याची नव्हे. काट्याला तेवढा फरक चालतो. आरएस-४८५ या दुसऱ्या प्रकारच्या सिरियल तारेवरील मॉडबस आरटीयू या औद्योगिक प्रोटोकॉलमध्ये मात्र संदेशाची सीमा साडेतीन अक्षरांच्या शांततेने ठरते, म्हणजे ९६०० बॉडला सुमारे ४ मिलिसेकंद, आणि नेटवर्कमधून जाताना ती शांतता टिकेल याची हमी नसते. तेथे नोंद उपकरणाजवळच व्हावी.

प्रतिसाद १ चे पुन्हा उत्तर

ऐकणारी दुसरी जोडणी मान्य, पण एका अटीवर. साध्या टीसीपी पोर्टवर ना पासवर्ड असतो ना कूटलेखन, म्हणून तो पोर्ट फक्त नोंद ठेवणाऱ्या संगणकाच्या आयपी पत्त्यालाच खुला असावा आणि काट्याचे नेटवर्क कार्यालयापासून वेगळे करावे. तोवर मी ड्रायव्हरच वापरीन.