मदत हवी आहे : अनोळखी गटाचा संकोच घालवण्यासाठी कागद-पेनाचे सोपे खेळ सुचवावेत

नमस्कार.

दोन दिवसांच्या एका प्रशिक्षण शिबिराच्या पहिल्या सत्राची जबाबदारी माझ्याकडे आली असून त्याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. गटात साधारण ३० जण असतील. त्यांची वये विशीपासून साठीपर्यंत असून बहुतेक जण परस्परांना पहिल्यांदाच भेटणार आहेत. माझ्या हाती पाऊण तास आहे.

प्रत्येकाने उभे राहून नाव, काम आणि छंद सांगण्याची रूढ पद्धत मला टाळायची आहे. प्रत्येकी एक मिनिट धरले तरी त्यात अर्धा तास जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट बोलणे व एकोणतीस मिनिटे ऐकणे येते. शिवाय आपली पाळी जवळ आली की माणूस इतरांचे ऐकणे सोडून स्वतःची वाक्ये मनात जुळवू लागतो, त्यामुळे ते ऐकणेही नावापुरतेच उरते.

साहित्य म्हणून कोरे ए-फोर कागद, पेन, स्केचपेन, चिकटचिठ्ठ्या, सेलोटेप आणि थोड्या कात्र्या मिळतील. पडदा, ध्वनिक्षेपक वा मोबाइल यांवर अवलंबून असलेले खेळ नकोत. गटातील एक सदस्य चाकांची खुर्ची वापरतात आणि काहींना भराभर लिहिण्याची सवय नाही, म्हणून धावपळीचे किंवा लेखनावर सर्वस्वी विसंबलेले खेळही चालणार नाहीत. ‘माझ्याविषयीची दोन खरी आणि एक खोटी गोष्ट ओळखा’ हा खेळ अनेकांनी सुचवला. परंतु सर्वांसमोर स्वतःविषयी काही चटकदार सांगण्याचे दडपण त्यातही राहतेच, असे मला वाटते. कोणते खेळ घ्यावेत, कोणत्या क्रमाने घ्यावेत आणि कोणाला भाग घ्यायचा नसेल तर काय करावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. संकोची माणसाला बोलायला फारशी अडचण नसते, सर्वांच्या नजरा आपल्यावर रोखल्या गेल्या की मात्र तो गांगरतो. म्हणून खेळ निवडताना मी एकच कसोटी लावतो : दोघांच्या मध्ये कागद असावा आणि दोघांनी त्या कागदाकडे पाहून बोलावे.

या कसोटीला सर्वांत चांगला उतरतो तो सह्यांचा खेळ. ए-फोर कागदाची लागोपाठ चार वेळा अर्धी घडी घातली की उलगडल्यावर सोळा चौकोन दिसतात. पट्टी लागत नाही, रेघा माराव्या लागत नाहीत. प्रत्येक चौकोनात आपण फळ्यावर लिहिलेले एकेक वर्णन उतरवून घ्यावे : डावखुरा आहे, पोहता येते, तीनपेक्षा अधिक भाषा बोलतो, एखादे वाद्य वाजवतो, भावंडांत सर्वांत धाकटा आहे. लिहिणे अवघड जाणाऱ्यांसाठी हीच वर्णने आधी लिहून ठेवलेले कागद तयार ठेवावेत आणि ते सर्वांनाच द्यावेत, म्हणजे कोणी वेगळा पडत नाही. मग फिरून, ते वर्णन लागू पडणारी व्यक्ती शोधून तिची सही घ्यायची. एका व्यक्तीची एकच सही, हा नियम कसोशीने पाळावा, कारण त्यामुळेच पूर्ण कागद भरू पाहणाऱ्याला सोळा जणांशी बोलावे लागते. ‘एक ओळ भरली की जिंकला’ असे मात्र ठेवू नये; चार सह्या दोन मिनिटांत मिळतात आणि गप्पांना रंग चढण्याआधीच खेळ आटोपतो. त्यापेक्षा दहा मिनिटांची वेळ ठरवून द्यावी. खुर्च्या भिंतीला लावून मधली जागा मोकळी ठेवली तर चाकांची खुर्चीही सहज फिरते.

वर्णने निवडताना विवाह, अपत्ये, पगार, वजन आणि आजार यांच्या वाटेला जाऊ नये.

प्रतिसाद २

वरील खेळानंतर जोड्यांचा चित्रखेळ घ्यावा, असे मी सुचवेन. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचे. एकाच्या हाती साध्या आकृतीचा कागद असतो, समजा त्रिकोणावर वर्तुळ आणि बाजूला दोन तिरक्या रेघा; तो केवळ शब्दांत वर्णन करतो आणि दुसरा कोऱ्या कागदावर काढत जातो. पहिल्या फेरीत काढणाऱ्याने प्रश्न विचारायचे नाहीत, दुसऱ्या फेरीत भूमिका व आकृती बदलून प्रश्न विचारण्याची मुभा द्यायची. दोन्ही फेऱ्यांची चित्रे मूळ आकृतीशेजारी ठेवली की जो हशा पिकतो, तो कोणा एकाला नव्हे तर चित्राला असतो, आणि संकोच घालवायला असाच हशा उपयोगी पडतो. संख्या विषम झाली तर तिघांचा एक गट करून दोघांनी स्वतंत्रपणे चित्र काढावे.

कागदाचा मनोरा उभारण्याची स्पर्धा बरेच जण सुचवतील. माझे मत तिच्याविषयी फारसे अनुकूल नाही, कारण दोन उत्साही माणसे सेलोटेप ताब्यात घेतात आणि उरलेले तिघे हाताची घडी घालून पाहत राहतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सह्यांचा आणि चित्राचा खेळ नक्की केला आहे. शेवटी संपूर्ण गट एकत्र येईल असे काही, शक्यतो न धावता, सुचवता येईल का? आणि ज्यांना खेळायचेच नाही त्यांचे काय करावे?

प्रतिसाद १

चिकटचिठ्ठीवर प्रत्येकाने आपल्या वाढदिवसाची तारीख व महिना लिहावा, वर्ष नको. मग एक अक्षरही न बोलता, केवळ चिठ्ठ्या दाखवून, जानेवारी ते डिसेंबर अशा क्रमाने सर्वांनी गोलाकार बसावे. मौनाची अट असल्यामुळे बोलघेवडे आणि अबोल एका पातळीवर येतात. वर्तुळ पूर्ण झाल्यावर एकेकाने आपली तारीख वाचावी. एकाच तारखेचे दोघे निघतील का, हे त्याआधी सर्वांना विचारून पाहा. बहुतेक जण नाही म्हणतील. प्रत्यक्षात २३ जणांच्या गटातही तशी शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते आणि ३० जणांत ती सुमारे ७० टक्के होते, कारण ३० जणांतून ४३५ निरनिराळ्या जोड्या तयार होतात. जोडी निघाली नाही तर लागोपाठच्या तारखांवर समाधान मानावे.

न खेळणाऱ्यांसाठी घड्याळ सांभाळणे, कागद वाटणे, आकृत्या गोळा करून भिंतीवर चिकटवणे ही कामे आधीच ठरवून ठेवावीत आणि खेळ सुरू होण्यापूर्वी ‘या कामांसाठी कोण पुढे येईल?’ असे सर्वांनाच विचारावे. ‘तुम्ही का खेळत नाही?’ असे कोणाला एकट्याला विचारू नये. आणखी एक किरकोळ सूचना : जाड स्केचपेनची शाई पातळ कागदातून टेबलावर उतरते, तेव्हा खाली जुने कागद अंथरून ठेवावेत.