मदत हवी आहे: दोन बॉक्स लावले की बेस अँप बंद पडते (अर्जंट)

सिंदेवाहीचा_बेस
नमस्कार. आमचा भीमगीतांचा ऑर्केस्ट्रा आहे, मी बेस गिटार वाजवतो. स्पीकरचे दोन्ही बॉक्स लावले की दोन-तीन गाण्यांत अँप बंद. लाल लाईट लागते, थंड झालं की परत सुरू. एकच बॉक्स लावला तर रात्रभर काही होत नाही. १४ एप्रिलचं मैदान मोठं आहे, एका बॉक्सवर भागत नाही. मेकॅनिक म्हणून राहिला इम्पिडन्स (बॉक्सचा ओहममध्ये मोजतात तो विरोध) मॅच नाही. मॅच कसा करायचा तेवढंच सांगा, लवकर.

सोल्डरगन
अँप कुठलं? मागे किमान किती ओहम लिहिलंय? बॉक्स किती ओहमचे, आणि जोडले कसे?

सिंदेवाहीचा_बेस
बॉक्स दोन्ही ८ चे. अँप मोठं आहे. जोडले म्हणजे वायरने जोडले.

वाळ्याची_टट्टी
भाऊ, इम्पिडन्स-बिम्पिडन्स काही नाही. एप्रिलात आपल्याकडं माणूस बंद पडते, अँपचं काय घेऊन बसले! मागून कूलर लावा. मी मंडपात तेच करतो.

सोल्डरगन
कूलरची ओली हवा अँपवर? बाप्पा, शॉक लागून मराल. आणि उन्हाचं कारण असतं तर एका बॉक्सवरही बंद पडलं असतं. धागाकर्ते, अँपचं सांगा.

ट्यूबमास्तर
इथे मूळ मुद्दाच सुटतो आहे. ट्यूब अँपच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ४, ८, १६ ओहमचे वेगवेगळे टॅप (जोड) असतात आणि बॉक्स त्याच टॅपवर लावायचा असतो. बॉक्स न लावता ट्यूब अँप कधीही सुरू करू नये, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्यूबच्या आवाजाची ऊब ट्रान्झिस्टरला येत नाही हे वेगळं सांगायला नको.

सोल्डरगन
सर, ट्यूब कोणी म्हटलं?

सिंदेवाहीचा_बेस
ट्यूब नाही, साधं आहे. लेबल घासलंय, ३५० वॅट आणि किमान ४ ओहम एवढं वाचता येते. मागं दोन जॅक आहेत, एकेक बॉक्स एकेकात.

सोल्डरगन
हे आधी सांगायचं होतं राजेहो. ते दोन जॅक बहुतेक अँपमध्ये आतून पॅरललच (दोन्ही एकाच आउटपुटवर, शेजारी-शेजारी) असतात. ८ आणि ८ पॅरलल म्हणजे ४, अँपला चालायला पाहिजे. तरी बंद पडते म्हणजे एखादा बॉक्स ८ चा नाही, नाहीतर वायर शॉर्ट आहे. बॉक्स अँपपासून सोडवून मल्टिमीटरने मोजा. ८ ओहमचा बॉक्स मीटरवर ६ च्या आसपास दिसतो, ४ चा ३ ते साडेतीन. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, म्हणून लिहिल्यापेक्षा कमी येतो.

धुमालप्रेमी
त्यापेक्षा डीजेवाल्याचे १८ इंची बेस भाड्याने घ्या. जमीन हलते.

वाळ्याची_टट्टी
जमीन हलते अन् दहानंतर पोलीस येते.

सिरीजवाला
दोन्ही सिरीजमध्ये (एकामागे एक) लावा, १६ होतात, अँप आयुष्यात बंद पडणार नाही. मी असंच वाजवतो.

सोल्डरगन
बंद नाही पडणार, पण आवाजही नाही येणार. ४ वर ३५० वॅट देणारं अँप ८ वर साधारण अर्धं देते, १६ वर त्याच्याही अर्धं. त्यांना मैदान भरायचंय.

सिरीजवाला
वॅट अर्धे झाले म्हणून आवाज अर्धा होत नाही, फक्त ३ डेसिबलचा फरक पडतो.

सोल्डरगन
तेही खरं. पण दोन पायऱ्या उतरलात की ६ झाले.

सिंदेवाहीचा_बेस
मोजलं. एक ६.१, दुसरा ३.३. पण मागच्या पत्र्यावर ८ च छापलंय.

सोल्डरगन
दुसऱ्याच्या स्पीकरची कॉइल (आतल्या तारेचं वेटोळं) भरून आणली होती का कधी?

सिंदेवाहीचा_बेस
हो, दिवाळीनंतर एकाने भरून दिली. आवाज तर चांगला येते.

सोल्डरगन
त्याने ४ ची कॉइल टाकली. ८ आणि ४ पॅरलल म्हणजे २.६७. अँपची हद्द ४, त्याखाली गेलं की करंट जास्त ओढला जाते अन् अँप तापून बंद पडते. त्यात ४ वाला बॉक्स दुसऱ्याच्या दुप्पट वॅट खाऊन राहिला, जोरात वाजवलं तर आधी तोच फुटेल. एकेकटा बॉक्स हद्दीत बसतो, म्हणून तेव्हा काही होत नाही. ८ ची कॉइल टाकून घ्या. तोवर ४ वाला एकटाच लावा, तिथे अँप पूर्ण ताकद देते, फक्त तो बॉक्स ३५० वॅट झेलतो का ते पाहा. अन् गिटारची बारीक शील्डवाली वायर बॉक्सला लावू नका, जाड दोन तारी स्पीकर वायर लावा.

मंडपातला_माणूस
तुम्ही सगळे बॉक्स मोजून राहिले. मैदानात बेस लोकांपर्यंत मोठ्या साउंडमधून जातो. अँपच्या मागे डीआय आउट (मिक्सरला थेट सिग्नल द्यायचा जॅक) असेल, ती लाइन मिक्सरला द्या. स्वतःचा बॉक्स फक्त स्टेजवर ऐकायला ठेवा, एक पुरतो.

सिंदेवाहीचा_बेस
साउंडवाला मिक्सरवर बेसचा फेडर (आवाजाची सरकती खुंटी) वर करतच नाही. गायकाचा अन् ढोलकीचा तेवढा वाढवते.

मंडपातला_माणूस
मग त्याच्याशी बोला. हे काही ओहमने सुटत नाही.

ट्यूबमास्तर
ढोलकीला कोणता माइक लावता?

सिंदेवाहीचा_बेस
माहीत नाही सर, त्याचाच आहे. कॉइलचं ब्रम्हपुरीला विचारलं, ८ ची मागवावी लागते म्हणते. तोवर ४ वाला बॉक्स नेतो. धुमालवाले भाऊ, १८ इंचीचं भाडं किती पडते?