मार्गारेट रिव्हरला दोन दिवस: कुठल्या वाईनबरोबर काय खावं?

वाटसरू:
पुढच्या महिन्यात पर्थहून गाडीने मार्गारेट रिव्हरला, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वाईनच्या भागात, चाललोय, मी, बायको आणि सासूबाई. बायकोला मासे म्हणजे जीव की प्राण, सासूबाईंनी वाईन आजवर दोनदाच चाखलीय पण यायला एकदम उत्सुक आहेत. मागे एकदा एका ठिकाणी आम्ही ग्रिल केलेल्या माशाबरोबर कॅबर्ने ही रेड वाईन मागवली आणि तोंडात चक्क गंजलेल्या खिळ्यासारखी चव आली, मासाही वाया आणि वाईनही. यावेळी असं व्हायला नको, कुणी जाऊन आलं असेल तर नीट सांगा प्लीज.

खारावारा:
ते तसंच होतं हो, रेड वाईनमधलं लोह माशाच्या तेलाला भिडलं की ती चव येतेच, तुमची काही चूक नाही. माशाबरोबर तिथली सेमियों-सोव्हिन्यों ब्लां ही व्हाईट वाईन घ्या, तिथे सगळे एसएसबी म्हणतात. थंडगार, लिंबासारखी आंबट, गवताचा हलका वास. कोळंबीवर लिंबू पिळतो ना, तेच काम ही वाईन करते. सासूबाईंनाही यापासूनच सुरुवात करू द्या.

आणि मॅरन सोडू नका! तिथलाच गोड्या पाण्यातला क्रेफिश, हॉटेलात मिळतो तो शेततळ्यात वाढवलेला असतो कारण नदीतला पकडून विकता येत नाही. मधोमध उभा चिरून, लोणी लावून निखाऱ्यावर भाजतात, कवचाच्या कडा काळ्या पडतात आणि आतलं मांस पांढरं, गोडसर. त्याच्याबरोबर शार्डोने ही दुसरी व्हाईट वाईन, बाकी काही नको.

द्राक्षवेडी:
शार्डोनेला माझे शंभर मार्क! तिथे बहुतेक बागांत जिनजिन क्लोन, म्हणजे शार्डोने द्राक्षाच्या वेलाचा एक प्रकार आहे, त्याच्या एकाच घडात मोठे मणी आणि मुगाएवढे बारीक मणी शेजारी शेजारी असतात, त्याला कोंबडी आणि पिल्लं म्हणतात. बारीक मण्यांत रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून वाईन दाट होते पण आंबटपणाही टिकून राहतो आणि म्हणूनच ती लोण्याला पुरून उरते. मी बागेत वाकून बघितलेत ते घड, फार सुंदर दिसतात.

तिथे द्राक्षं इतकी छान येतात ती समुद्रामुळे. नॅचरलिस्ट आणि ल्यूविन या दोन भूशिरांच्या मधला पट्टा, तिन्ही बाजूंनी पाणी, त्यामुळे कडाक्याची थंडी नाही आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला की ऊन्ह निवतं. जॉन ग्लॅडस्टोन्स या कृषिशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात हवामान अभ्यासून सांगितलं की इथे द्राक्षं होतील, मग १९६७ मध्ये टॉम कलिटी नावाच्या पर्थच्या हार्ट स्पेशालिस्टने वास फेलिक्स या वायनरीची बाग लावली. पक्षी द्राक्षं खाऊन टाकायचे म्हणून त्यांनी ससाणा आणला, तो सोडल्या सोडल्या उडून गेला तो गेलाच, पण बाटलीच्या लेबलवर अजून आहे.

वाटसरू:
वा, मस्तच माहिती! मग कॅबर्ने अजिबात घ्यायचीच नाही का? मला खरं तर तीच आवडते.

द्राक्षवेडी:
अहो घ्या की, ती तर तिथली शान आहे! फक्त रात्रीच्या जेवणाला ठेवा, रोझमेरी लावून भाजलेल्या लॅम्बबरोबर. मांसातलं प्रोटीन आणि चरबी टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून येणाऱ्या घटकाचा, तुरटपणा खाऊन टाकतात, मग खालचा काळ्या बेरीचा आणि तमालपत्रासारखा वास वर येतो. बाटली तासभर आधी उघडून डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद काचेच्या सुरईत, ओता. तिथल्याच विल्याब्रप भागातली मिळाली तर तीच बघा, तिथल्या मुरमाड, लोहखडीच्या जमिनीत कॅबर्ने छान येते.

खारावारा:
एक राहिलंच, गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा. तिथे लिमिट ०.०५ आहे आणि टेस्टिंगचे छोटे छोटे घोट कधी वाढतात कळत नाही. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, सगळे वापरतात, लाजू नका. दिवसाला तीन सेलर डोअर, म्हणजे वायनरीतली वाईन चाखायची ठिकाणं, बास, चौथ्याला जीभ सुन्न होते. सकाळी व्हाईट, मग यालिंगपला बीचवर जाऊन बसा, कॅबर्ने संध्याकाळी.

वाटसरू:
ठरलं, पहिल्या दिवशी गाडी मी चालवतो, दुसऱ्या दिवशी बायको. मॅरनचं ऐकून सासूबाई विचारतायत उद्याच निघायचं का 😄