गाडीतलं ‘रक्त’
मूल हरवल्यावर ‘आई टीव्हीवर रडली नाही, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे’ असा तर्क लोक लढवतात, तो काही पटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या लिंडी चेंबरलेनबद्दलही लोक हेच म्हणत होते. १९८० साली उलुरू या तिथल्या प्रचंड खडकाजवळच्या तंबूतून तिची नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने नेली, असं ती पहिल्यापासून सांगत होती. मृतदेह नाही, हेतू नाही. तरी १९८२ मध्ये मुलीच्या खुनाबद्दल लिंडीलाच जन्मठेप! मुख्य भिस्त गाडीच्या डॅशबोर्डखालच्या ‘बाळाच्या रक्ता’वर. ते निघालं कारखान्यातच फवारलेलं, आवाज दाबणारं रसायन. शेजारच्या तंबूतल्या बाईंनी गुरगुर ऐकली होती, पण तज्ज्ञांपुढे त्यांना कोण विचारतो? १९८६ मध्ये डिंगोंच्या वावराच्या भागात बाळाचं जाकीट सापडल्यावर लिंडी सुटली. मृत्यूचं कारण ‘डिंगो’ असं अधिकृतपणे नोंदायला मात्र २०१२ उजाडलं.