गगनबावडा रस्त्यावरच्या शेतघरातील न्हाणीघराला कोणती टाईल शोभेल आणि टिकेल?

माळरान:
नमस्कार. साळवणच्या पुढे आमच्या शेतात जांभ्या दगडाच्या भिंती आणि मंगलोरी कौले असलेले घर पूर्ण होत आले आहे. घराभोवती झाडी आहे, खिडकीतून डोंगर दिसतो, आणि न्हाणीघरातही तोच भाव उतरावा अशी आमची इच्छा आहे. कोल्हापुरातील दुकानांत आम्हाला पानाफुलांची चित्रे असलेल्या आणि लाकडासारख्या दिसणाऱ्या चकचकीत टाईल्स दाखवण्यात आल्या. यजमानांना मात्र कोटा दगड हवा आहे. सासूबाई-सासरे सत्तरी ओलांडलेले आहेत, पाणी बोअरचे आहे आणि पावसाळ्यात इथे आठवडेच्या आठवडे काही वाळत नाही. आतली जांभ्याची भिंत उघडी ठेवता येईल का, हेही सांगावे.

बांधकामवाला_करवीर:
ताई, आपण भिंतीचे रंग पाहण्यापूर्वी जमिनीचा विचार करावा, कारण घरात वयस्कर माणसे असताना चकचकीत फरशी ओली झाली की ती धोक्याचीच ठरते. जमिनीसाठी मॅट टाईलच घ्या आणि दुकानदाराला तिची घसरणरोधक श्रेणी विचारा. आर-१० ही किमान धरावी, आणि अंघोळीच्या जागी आर-११ मिळाली तर अधिक चांगले. टाईल जितकी लहान तितके सांधे जास्त आणि पायाला पकडही जास्त, शिवाय ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या तोंडाकडे, ढाळ देणे सोपे जाते. मीटरमागे दहा ते बारा मिलिमीटर ढाळ हवा. दोन फुटी किंवा चार फूट लांबीच्या लाकडी पट्ट्यांसारख्या टाईल्स लहान न्हाणीघरात ढाळावर बसवताना कडा वर-खाली होतात किंवा गवंड्याला तिरके काप घ्यावे लागतात. लाकडाचा भास हवाच असेल, तर तो कोरड्या भिंतीवर ठेवावा.

दुसरी गोष्ट पाणी शोषण्याची. व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाईल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, तर भिंतीची साधी सिरॅमिक टाईल दहा टक्क्यांहून अधिक शोषू शकते. म्हणून भिंतीची टाईल स्वस्त आहे एवढ्यासाठी ती जमिनीवर कधीही लावू नये. मात्र व्हिट्रिफाइड टाईल पाणी ओढत नसल्यामुळे साध्या सिमेंटच्या घोळावर ती नीट धरत नाही. तिच्यासाठी टाईल अ‍ॅडेसिव्ह वापरण्याचा आग्रह गवंड्याकडे धरा. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचे भरण, भरावे. ते महाग पडते, पण तुमच्याकडच्या पावसात सिमेंटचे ग्राउट लवकर काळे पडते आणि मग सुंदर टाईलही मळकी दिसू लागते.

जांभ्याची भिंत जरूर उघडी ठेवा, पण शॉवरपासून दूरची. जांभा सच्छिद्र असतो, सतत पाणी बसले की त्यावर शेवाळ धरते. शॉवरच्या भिंतींना मात्र मागून वॉटरप्रूफिंग करून सात फुटांपर्यंत टाईल लावावी. निसर्गाचा भाव हवा असेल, तर माझ्या मते पानांची छापील चित्रे टाळावीत. खिडकीबाहेर खरी पाने असताना ती केविलवाणी दिसतात. मातकट, शेवाळी किंवा ओल्या दगडाचा करडा असा एकच शांत रंग घ्या आणि जांभ्याच्या तांबूस रंगाला बोलू द्या.

पाषाणप्रेमी:
कोट्याविषयी थोडे लिहितो. कोटा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काढण्यासाठी लोक अ‍ॅसिड ओततात आणि ते दगडाचा पृष्ठभागच खाऊन टाकते. त्यामुळे यजमानांना दगडच हवा असेल, तर आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण घ्यावा. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात हाच बेसाल्ट शतकानुशतके पाऊस झेलत उभा आहे. न्हाणीघरासाठी त्याची पॉलिश केलेली नव्हे, तर टाकी मारलेली फरशी मागा, म्हणजे पाय घसरणार नाही. काळ्या रंगावर क्षार उठून दिसतात, हे मात्र आधीच मान्य करावे लागेल.

माळरान:
दोघांचेही मनापासून आभार. जमिनीला करडी मॅट टाईल, शॉवरच्या भिंतींना शेवाळी टाईल आणि बेसिनच्या बाजूला उघडा जांभा, असे घरच्यांना पटले आहे. खरेदी करताना आणखी काय पाहावे?

बांधकामवाला_करवीर:
नमुन्याची टाईल घरी आणून, ओली करून, त्याच न्हाणीघराच्या उजेडात पाहा. दुकानातल्या दिव्यांखाली शेवाळी रंग फसवतो. मोजमापापेक्षा साधारण दहा टक्के जास्त टाईल्स एकदमच घ्या आणि सगळ्या खोक्यांवरचा शेड क्रमांक एकच असल्याची खात्री करा, कारण पुढच्या खेपेत तोच रंग मिळेलच असे नाही. टाईल लावण्याआधी ट्रॅप बंद करून न्हाणीघरात किमान चोवीस तास पाणी तुंबवून ठेवा आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाला ओल उतरते का ते तपासा. उतरली तर आधी वॉटरप्रूफिंग पुन्हा करून घ्या; तोवर गवंडी कितीही घाई करो, टाईलला हात लावू देऊ नका.