सिव्हिलायझेशन ५: आश्चर्ये, संशोधन की सैन्य?

प्रश्न: सिव्हिलायझेशन ५ या संगणकीय रणनीती खेळात इम्मॉर्टल या अवघड पातळीवर मी ग्रेट लायब्ररी हे आश्चर्य (आधी पूर्ण करणाऱ्या एकालाच मिळणारी खास वास्तू) बांधायला घेतो, पण संगणक चालवत असलेला प्रतिस्पर्धी ती आधीच पूर्ण करतो आणि तेवढ्यात शेजारी चालून येतो. सुरुवातीचे उत्पादन कशावर खर्च करावे?

प्रतिसाद १: या पातळीवर संगणकाला आरंभीच काही तंत्रज्ञाने फुकट मिळतात, त्यामुळे ही शर्यत सोडून प्रत्येक शहरात ग्रंथालय उभारावे आणि मग नॅशनल कॉलेज (प्रत्येक खेळाडूला स्वतःपुरती बांधता येणारी वास्तू) बांधावे, ते कोणी हिरावू शकत नाही आणि त्या शहराचे संशोधन ५० टक्क्यांनी वाढते.

प्रतिसाद २: सहमत आहे, मात्र सैन्य अगदीच तोकडे दिसले की शेजाऱ्याला चेव चढतो. नकाशावरच्या एका षटकोनी घरात एकच लढाऊ तुकडी मावत असल्याने डोंगरांमधल्या वाटेवर मोजके धनुर्धारीही मोठी फौज थोपवतात.

प्रतिसाद ३: खेळायला इजिप्त ही संस्कृती निवडल्यास आश्चर्यांसाठी २० टक्के जादा उत्पादन मिळते, तेव्हा मोह क्षम्य आहे.