ज्येष्ठता यादी म्हणजे अनुभवाची यादी नव्हे

'सीनियर वैमानिक म्हणजे जास्त अनुभवी, म्हणून त्याचाच निर्णय बरोबर' असं अनेकदा म्हटलं जातं. इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. अमेरिकी एअरलाइन्समध्ये सीनियॉरिटी मुख्यतः त्या कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरते. वीस वर्षं कॅप्टन राहिलेला माणूस कंपनी बुडाल्यावर दुसरीकडे गेला, की सहसा यादीच्या तळाशी, को-पायलटच्या खुर्चीत. अनुभव कुठे गेला? तो डोक्यातच आहे, फक्त नंबर गेला. कुठलं विमान, कुठला तळ, दिवाळीला (तिकडे ख्रिसमसला म्हणा) सुट्टी, हे सगळं त्या नंबरावर.

आता निर्णयाचं. टेनेरिफ (स्पेनचं बेट), 27 मार्च 1977. धावपट्टीवर दोन बोइंग 747 विमानांची टक्कर: एक डच कंपनी केएलएमचं, दुसरं अमेरिकी पॅन अ‍ॅमचं. केएलएमचा कॅप्टन हा कंपनीच्या 747 प्रशिक्षणाचा प्रमुख, शेजारच्या को-पायलटची 747 साठीची परीक्षा त्यानेच घेतलेली. धुक्यात टेक-ऑफ सुरू झाल्यावर फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, ते पॅन अ‍ॅम धावपट्टीवरून बाजूला झालंय ना? कॅप्टनने ठामपणे 'हो' म्हटलं आणि विषय संपला. 583 माणसं गेली.

मंगळूर, 2010. एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान उतरताना धावपट्टीच्या पलीकडे गेलं. दहा हजारांवर तासांचा कॅप्टन, उड्डाणात बराच वेळ झोपलेला. को-पायलट उतरणं सोडून परत वर जाऊया म्हणून सांगत राहिला. 158 मृत्यू.

अनुभव नकोच असं मी म्हणत नाही. पण बाजूच्याचं ऐकणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि ते लॉगबुकातल्या तासांत मोजलं जात नाही. म्हणून तर टेनेरिफनंतर सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे कॉकपिटमध्ये एकमेकांशी बोलून, ऐकून काम करण्याचं) प्रशिक्षण आलं, कॅप्टनलासुद्धा सक्तीचं.